काठावरचे पाहुणे

बडोद्याच्या माणसास तलावांचे फारसे अप्रूप नाही. शहराच्या ऐन मध्यभागी सुरसागर आहे. पूर्वेस आजवा आहे. त्याचे पाणी १८९२ पासून शहराची तहान भागवीत आले आहे. संध्याकाळी सुरसागराच्या पाळीवर वारा खात बसावे, पाण्यातली दिव्यांची प्रतिबिंबे पाहावीत आणि परतताना सेव-उसळीच्या गाडीपाशी थांबावे, हे आमच्या घराघरांतून तीन-चार पिढ्या चालत आलेले सुख आहे. परंतु त्या देखण्या तलावाच्या कडेला एखादा तुतवार चरताना आमच्या कधी पाहण्यात आलेला नाही. कारण अगदी साधे आहे. सुरसागराला भिंत आहे, काठ नाही. पाणी जेथे संपते तेथे थेट बांधीव दगड सुरू होतो. ज्या पाखराला दोन बोटे पाणी आणि चार बोटे चिखल एवढाच संसार हवा असतो, त्याने तेथे पाय टेकावा तरी कोठे?

भिंत आणि काठ यांतला हा भेद आम्हांस गेल्या हिवाळ्यापूर्वी ठाऊक नव्हता. तो समजला वढवाण्याच्या तलावावर. आम्ही म्हणजे इयत्ता नववीतील पाच मुले, चार मुली आणि आमचे विज्ञानाचे सर. २०२४ च्या दिवाळीची सुट्टी ते २०२५ ची होळी एवढ्या काळात आम्ही तीनदा तेथे जाऊन आलो. बरोबर दोन दुर्बिणी, एक तिपाईवरची मोठी दुर्बीण, एक वही आणि भरपूर तिखटमिठाच्या पुऱ्या. पैकी पुऱ्या नेहमी सर्वांत आधी संपत.

वढवाणा डभोईच्या पुढे आहे. डभोई म्हटले की आमच्या आजी-आजोबांना हिरा भागोळ आणि छोटी आगगाडी आठवते. ती अरुंद रुळांची गाडी आता गेली आणि तिच्या जागी रुंद रूळ आले. आम्ही मात्र भाड्याच्या गाडीने पहाटेच्या काळोखात निघालो. हा तलाव निसर्गाने दिलेला नव्हे. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या कारकीर्दीत, १९१० मध्ये, बडोदे संस्थानाने तो शेतीसाठी बांधला. ओरसंग नदीचे पाणी जोजव्याजवळ अडवायचे, कालव्याने येथवर आणून साठवायचे आणि रब्बीच्या हंगामात पाटांनी शेतांवर सोडायचे, अशी ती योजना. छप्पनियाच्या भीषण दुष्काळाला तेव्हा पुरती अकरा वर्षेही झाली नव्हती, हे लक्षात घेतले म्हणजे या मातीच्या बांधाकडे पाहण्याची दृष्टी बदलते. हा तलाव बांधताना पाखरांचा विचार कोणी केला असेल असे आम्हांस वाटत नाही. तरीही २०२१ मध्ये या तलावास ‘रामसर स्थळ’ हा मान मिळाला तो पाखरांमुळेच. इराणात, कास्पियन समुद्राच्या काठी रामसर नावाचे गाव आहे. तेथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी जगातील पाणथळ भूमींच्या रक्षणाचा करार झाला, म्हणून हे नाव.

पहिल्या खेपेस, नोव्हेंबरात, आमची थोडी निराशाच झाली. पाऊस चांगला झालेला. तलाव काठोकाठ भरलेला. सूर्य वर आला तेव्हा पाण्याचा तो विस्तार रुपेरी ताटासारखा चमकू लागला. दूरवर बदकांचे काळे ठिपके तरंगत होते, चक्रवाकांची एक जोडी डौलाने बसली होती आणि आकाशातून पट्टकादंबांची एक रांग ओरडत गेली. हे हंस हिमालय ओलांडून येतात हे आम्ही पुस्तकात वाचले होते. ते डोक्यावरून जाताना माना वर करून पाहणे ही गोष्ट निराळी. परंतु आम्ही जे पाहण्यास आलो होतो, ते चिखलात चरणारे लहान पक्षी जवळजवळ नव्हतेच. बांधाच्या दगडांवर एक तुतवार शेपूट खालीवर हलवीत होता आणि पाटाच्या तोंडाशी दोन शेकाट्ये उभे होते. बस्स. आमच्यापैकी एकीने वहीत तीन ओळी लिहिल्या व उरलेल्या पानावर चक्रवाकाचे चित्र काढले.

त्याच दिवशी बांधावर आम्हांस एक वयोवृद्ध शेतकरी भेटले. आम्ही त्यांना ‘दादा’ म्हणू लागलो. इकडे दादा म्हणजे आजोबा, हे बडोद्याच्या वाचकांस सांगावयास नको. त्यांची गव्हाची जमीन याच तलावाच्या पाण्यावर आहे. आम्ही काय शोधतो आहोत हे सरांनी त्यांना समजावून सांगितले. तेव्हा ते हसले आणि म्हणाले, “भरेलुं तळाव अमारुं, ने कादव एमनो.” भरलेला तलाव आमचा आणि चिखल त्यांचा! गव्हाला पाण्याच्या पाळ्या सुरू झाल्या की तलाव उतरू लागेल, काठ उघडा पडेल. तेव्हा या, असे त्यांनी सांगितले. शेकाट्याला ते ‘गजपांव’ म्हणत. आमच्यातील एकाने लगेच त्याचा अर्थ ‘गजभर लांब पाय असलेला’ असा लावला. तो खरा असो वा नसो, त्या पक्ष्याचे गुलाबी, काडीसारखे पाय पाहिल्यावर दुसरे नाव सुचू नये इतके ते नेमके वाटले.

२ फेब्रुवारीस रविवार होता. रामसर कराराचा स्मृतिदिन म्हणून तलावावर बरीच वर्दळ होती; तिच्याविषयी पुढे सांगू. आमच्या मनात मात्र त्या दिवसापेक्षा १६ मार्चची सकाळ अधिक ठसली आहे. होळी नुकतीच झालेली. हवेत उन्हाळ्याची चाहूल होती. तलाव पार उतरला होता. जेथे नोव्हेंबरात पाणी बांधाला लागत होते, तेथे आता करड्या, ओलसर, तकतकीत चिखलाचा एक रुंद पट्टा दूरवर पसरला होता. मधूनमधून घोटाभर पाण्याची डबकी, पाणवनस्पतींचे कुजके पुंज आणि म्हशींच्या खुरांनी पडलेले खळगे. वाटसरूने नाकाला पदर लावून पुढे जावे, अशी ती जागा. प्रथम ती आम्हांस निर्जीवच भासली. मग सरांनी तिपाईवर दुर्बीण लावली, आणि तो चिखल चालू लागला!

वाचकहो, आम्ही अतिशयोक्ती करीत नाही. चिखलाच्याच रंगाची ती शेकडो पाखरे चिखलावर धावत होती. शंभरापर्यंत मोजले की थवा हालावा आणि पुन्हा एकापासून आरंभ करावा, असे चार वेळा झाले. शेवटी सरांनी दहा-दहाचे गट नजरेने बांधून मोजण्याची रीत शिकविली. त्या गोंधळातही एक विलक्षण शिस्त आहे, हे हळूहळू ध्यानात आले. अगदी कोरड्या कडेला कंठेरी चिखल्या. त्याच्या गळ्यात काळा पट्टा आणि डोळ्याभोवती पिवळे वलय असते. तो चार पावले धावतो, थबकतो, वाकून काही टिपतो आणि पुन्हा धावतो. कधी तो एक पाय चिखलावर थरथरवतो; त्या कंपनाने आतले किडे हालतात आणि त्याला दिसतात. त्याच्या पुढे, पाण्याची रेषा जेथे चिखलास चाटत असते तेथे टिलवे. ते शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चालवीत पुढे सरकतात. घोटाभर पाण्यात ठिपकेदार तुतवार. आणखी आत, पोटापर्यंत पाण्यात पाणटिवळे; त्यांची चोच इतकी लांब की ती खुपसताना डोळ्यांसकट डोके पाण्याखाली जाते. सर्वांत खोल पाण्यात अर्थातच गजपांव.

एकाच ताटात इतके जण जेवतात आणि कोणी कोणाचा घास घेत नाही, याचे मर्म त्यांच्या पायांच्या आणि चोचींच्या लांबीत आहे. आखूड चोचीने वरचे टिपावे, मध्यम चोचीने बोटभर खोलीचे घ्यावे, लांब चोचीने तळाचा किडा काढावा. पाणटिवळ्याच्या चोचीचे टोक तर स्पर्शेंद्रियच आहे. त्याला चिखलातले भक्ष्य दिसत नाही, जाणवते. आणि मग बाकीची चोच मिटलेलीच ठेवून तो केवळ टोक उघडून ते पकडतो. आमच्यातील एका मुलाने दोन बोटे ताटाखाली लपवून अंधारात शेंगदाणा उचलण्याचा प्रयोग घरी करून पाहिला. त्याच्या आईस तो विशेष आवडला नाही असे समजते.

या साऱ्या व्यवस्थेस चिखल मात्र हवा. तलाव वीतभर अधिक भरला तर पाच जातींचा काठ एका जातीपुरता उरतो. वीतभर अधिक आटला तर चिखल भाजून विटेसारखा कडक होतो व कोणाचीच चोच आत जात नाही. पाण्याची पातळी सावकाश उतरत गेली पाहिजे. म्हणजे रोज हातभर नवा ओला काठ उघडा पडतो, आणि रोज नवे ताट वाढले जाते. वढवाण्यास ते काम दादांचा गहू करतो. एका शेतकऱ्याची पाण्याची पाळी आणि ध्रुवप्रदेशातील एका पाखराची न्याहारी यांचा असा संबंध असेल, हे आम्हांस कोणी वर्गात सांगितले असते तर आम्ही ते परीक्षेपुरते पाठ करून विसरून गेलो असतो.

ध्रुवप्रदेश हा शब्द आम्ही सहज वापरला नाही. टिलव्याचे घर खरोखरच तेथे आहे. स्कँडिनेव्हियाच्या उत्तर टोकापासून सैबेरियापर्यंत पसरलेल्या वृक्षहीन बर्फाळ माळावर तो अंडी घालतो. त्याचे वजन वीस ते तीस ग्रॅम. म्हणजे दहा रुपयांची तीन नाणी तळहातावर घेतल्यास जेवढे भरेल तेवढे. उन्हाळ्यात पिल्ले मोठी होताच आईबाप आधी निघून जातात. पिल्ले मागून काही आठवड्यांनी निघतात, तीही वडीलधाऱ्यांच्या सोबतीवाचून. कधी न पाहिलेल्या वाटेने, कधी न पाहिलेल्या देशाकडे! दिशा त्यांच्या जन्मातच असते. आमच्यापैकी काहींना अजूनही मांडवीहून मकरपुऱ्यास एकट्याने जाऊ देत नाहीत, हे येथे नमूद करून ठेवतो.

पाखरे कोठून येतात हे माणसाला कळले ते मुख्यतः त्यांच्या पायांत घातलेल्या कड्यांमुळे. आपल्या देशात या कामास मोठी चालना मिळाली ती १९५९ मध्ये. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने पक्ष्यांस कडी घालण्यास प्रारंभ केला. त्यामागे पक्षिप्रेमाइतकीच भीतीही होती. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात एक नवा ताप उद्भवला होता. तो रोग गोचिडांमार्फत, प्रवासी पक्ष्यांच्या अंगावरून उत्तरेकडून आला की काय, अशी शंका होती. आज उपग्रहाशी बोलणारी लहान यंत्रे पाखरांच्या अंगावर बसविता येतात. आमच्या पाणटिवळ्याचाच एक भाऊबंद, पट्टेदार शेपटीचा, २०२२ मध्ये अलास्काहून निघाला आणि अकरा दिवसांत कोठेही न उतरता १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियास पोचला. त्याचे वय तेव्हा पाच महिन्यांच्या आसपास होते.

एवढ्या प्रवासाची शिदोरी पाखराने पाठीवर न्यावयाची नसते, ती अंगातच न्यावयाची असते. निघण्यापूर्वी काही आठवडे ते अखंड खाते आणि चरबी साठविते. कित्येक जातींत वजन दीडपट-दुपटीपर्यंत जाते. मार्च महिना वढवाण्याच्या काठावर म्हणून महत्त्वाचा. आम्ही पाहिले त्या पाणटिवळ्यांच्या मानेवर विटकरी रंग चढू लागला होता. तो विणीच्या दिवसांचा पोशाख. प्रवासाची तयारी सुरू झाली होती आणि एकेका किड्याला किंमत होती.

आता २ फेब्रुवारीविषयी. त्या दिवशी काठ जेमतेम उघडा पडू लागला होता आणि शंभर-दीडशे पाखरे एका जिभेसारख्या चिंचोळ्या पट्टीवर जमली होती. तेवढ्यात बांधावरून एक मंडळी आली. कोण, कोठली, ते आम्ही विचारले नाही. त्यांना उडत्या थव्याचे छायाचित्र हवे होते. दोघांनी खाली उतरून टाळ्या वाजविल्या, एकाने ढेकूळ फेकले. सर्वांत आधी टिटवी ओरडली. प्रसंगी समुद्र आटविण्याची जिची ख्याती, तिचा आरडाओरडा एरवी आम्हांस गमतीचा वाटतो. त्या दिवशी वाटला नाही. सारा थवा एकदम उठला. एका क्षणी त्यांची पाठ तपकिरी, दुसऱ्या क्षणी पोट पांढरे. जणू कोणी मूठभर दाणे आकाशात उधळावेत आणि ते खाली पडूच नयेत. दृश्य अपूर्व सुंदर होते हे खोटे कशाला म्हणावे? छायाचित्रे निघाली, मंडळी आनंदाने गेली.

सरांनी घड्याळाकडे पाहिले. आम्ही काहीएक न बोलता त्या रिकाम्या पट्टीकडे पाहत बसलो. पहिला तुतवार परत आला तो बावीस मिनिटांनी. टिलवे पाऊण तासानंतर आले, तेही निम्मेच. पंचेचाळीस मिनिटांची न्याहारी गेली, आणि उडण्यास लागलेली शक्ती गेली ती निराळी. अशा किती मंडळी एका रविवारी येतात, आणि एका हिवाळ्यात रविवार किती, हे गणित आमच्यातील एकाने परतीच्या वाटेवर मांडण्यास घेतले होते. ते कोणी पुरे होऊ दिले नाही.

त्या पाखरांचे दिवस तसेही बरे नाहीत. २०२४ च्या ऑक्टोबरात, आमच्या पहिल्या सहलीच्या थोडेच आधी, जगातील संकटग्रस्त जीवांच्या यादीत प्रवासी काठपक्ष्यांच्या एकदम सोळा जाती अधिक धोक्याच्या वर्गात सरकविण्यात आल्या. असे का व्हावे, याचे उत्तर शोधण्यास आम्हांस सैबेरियात जावे लागले नाही. आमच्या शाळेपासून पायी वीस मिनिटांवर एक सखल, दलदलीची जमीन होती. पावसाचे पाणी तेथे मार्गशीर्षापर्यंत साचून राही. सर सांगतात की दहा-बारा वर्षांपूर्वी तेथे तुतवार आणि पाणलावे सहज दिसत. गावाच्या लेखी ती पडीक जागा. तीत प्रथम पाडलेल्या घरांचा राडारोडा पडला, मग मुरूम, मग घरे उभी राहिली. आमच्याच वर्गातील एक मित्र तेथे राहतो. त्याच्या वडिलांनी आयुष्यभराची पुंजी घालून ते घर घेतले. २०२४ च्या जन्माष्टमीच्या सुमारास विश्वामित्रीला पूर आला. त्या वेळी या मित्राच्या तळमजल्यात कमरेइतके पाणी तीन दिवस होते. त्याची पुस्तके गेली, आजीचा पलंग गेला. पाण्याला आपली जुनी जागा आठवत होती, असे आमच्या बाई म्हणाल्या. मित्र त्यावर काही बोलला नाही. घर बांधणाऱ्याला दोष द्यावा तर त्याचे वडील समोर दिसतात; त्यांनी राहावे तरी कोठे? या प्रश्नावर आमच्यात पुष्कळ वाद झाला आणि आजही आमचे एकमत नाही. दोघांचे म्हणणे असे की माणसांची घरे आधी. एकीचे म्हणणे असे की चिखल ठेवला असता तर घरेही कोरडी राहिली असती. हा मित्र वढवाण्याच्या तिन्ही सहलींत आमच्याबरोबर होता. मोजण्यात त्याचा हात कोणी धरीत नाही.

दादांची आमची मार्चमध्येही भेट झाली. गहू कापणीस आला होता. पाखरे कधी जातात, असे आम्ही त्यांना विचारले. ते म्हणाले, जाताना कोणी पाहत नाही. संध्याकाळी असतात, आणि सकाळी काठ मोकळा असतो. आम्ही निघालो तेव्हा एक पाणटिवळा एका पायावर उभा राहून, चोच पाठीच्या पिसांत खुपसून झोपला होता. त्याच्याभोवती टिलव्यांची शिवणयंत्रे चालूच होती.

एप्रिल परीक्षेत गेला, मे-जून उन्हाळ्यात. पुढे १५ ऑगस्टला झेंडावंदन आटोपून आम्ही चारजण मित्राच्या घरी चाललो होतो. त्याच्या गल्लीच्या टोकास, जेथे भरावाचा मुरूम अजून पोचलेला नाही, तेथे खाटेएवढे एक डबके साचले होते. त्यातून एक काळसर पाखरू ‘ट्लुइट्-वीट्-वीट्’ असे ओरडत उठले, शेपटीवरचा पांढरा डाग चमकवीत एक गिरकी घेऊन पलीकडच्या भिंतीआड गेले. हिरवा तुतवार! उत्तरेच्या अरण्यांत झाडावरच्या जुन्या, दुसऱ्या पक्ष्यांनी सोडलेल्या घरट्यांत अंडी घालणारा, आणि सर्वांत आधी परतणाऱ्यांपैकी एक. वही कोणाजवळच नव्हती. मित्राने हातातल्या कागदी झेंड्याच्या मागील कोऱ्या बाजूवर तारीख, वेळ आणि ‘१’ असा आकडा लिहिला. मग आम्ही भिंतीपलीकडे आणखी डबके आहे की काय, ते पाहण्यास गेलो.